व्याह्यांनी तपासलेलं जग

आमच्या व्याह्यांच्या मोबाईलवर जे आलं नाही ते या पृथ्वीतलावर घडलंच नाही, आणि जे कधीच घडलं नाही ते मात्र सगळंच्या सगळं त्यांच्या मोबाईलवर येऊन गेलंय. माझ्या धाकटीचे सासरे ते. राहतात धुळ्याला, मी इकडे जळगावात, पिंप्राळ्याला. मधे एवढा थोरला रस्ता पसरलाय, पण सकाळी मी चहाचं आधण ठेवायच्या आत धुळ्याची बातमी माझ्या उशाशी हजर! कोणत्या देशात काय बुडालं, कोणत्या फळाच्या बियांत काय विष असतं, कोणत्या दिशेला डोकं करून झोपलं की माणूस परत उठत नाही, सगळं. मी चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही. नंतरचं जे काही वाचन झालं ते किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. पण खरं सांगते, त्या तेलकट कागदांनीसुद्धा मला आयुष्यात इतकं फसवलं नाही.

तुम्ही म्हणाल, असले एक काका घरोघरी असतात. असतात हो. पण घरोघरचे काका नुसतं पुढे पाठवतात, आमचे व्याही तपासून पाठवतात. त्याचं असं आहे, त्यांची सगळी नोकरी धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीत गेली, आणि काम काय, तर समोर आलेल्या कागदावर ‘तपासले’ असं लिहून खाली सापाच्या पिल्लासारखी वळवळती सही ठोकायची. एकदा मी भाबडेपणानं विचारलं, “नाना, एवढाले कागद तुम्ही सगळे वाचायचे?” तर हसले. म्हणाले, “अक्का, वाचत बसलो असतो तर तपासले असते कधी?” धाकटीच्या लग्नाची पत्रिका त्यांनीच तपासली होती. छापून आली तेव्हा वधूच्या जागी वधूच्या आईचं, म्हणजे माझंच नाव! आमचे हे तेव्हा हयात होते. पत्रिका हातात घेऊन बराच वेळ पाहत बसले आणि म्हणाले, “बरं झालं, धुळ्यात तरी तुझी सोय होईल.”

निवृत्त झाले तेव्हा कचेरीनं त्यांना नारळ दिला, शाल दिली, पण हाताची सवय काही काढून घेतली नाही. मग पोरानं मोबाईल घेऊन दिला, आणि रिकामा झालेला तो हात जगाच्या कारभाराला लागला. आलेला प्रत्येक मेसेज पुढे धाडताना खाली एक ओळ हमखास: ‘तपासले.’ तिच्याखाली स्वतःचं नाव नाही, हुद्दा नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटायचं, वरून कुठून तरी, मोठ्या साहेबाकडून आलंय.

बरं, स्वतः त्यावर चालणारा माणूस. कुठून तरी किरण येणार आहेत, मोबाईल दूर ठेवा, असं आलं तेव्हा व्याह्यांनी तो फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत पुरला. त्याच दिवशी माझ्या धाकटीला मुलगा झाला. सगळा जळगाव जिल्हा ह्यांना फोन करतोय आणि नातू झाल्याची बातमी ज्वारी ऐकतेय. पुढं प्लास्टिकच्या तांदळाचं आलं. तर विहीणबाईंच्या डब्यातला चांगला वासाचा तांदूळ चिमट्यात धरून गॅसवर जाळून पाहिला. जळला! “पाहा, जळतो!” म्हणे. अहो, काय जळत नाही? त्यांच्या कॉलनीच्या नाक्यावर मोमोची गाडी लागली. गाडीवरचा पोरगा आसामचा, बारीक डोळ्यांचा, गोड बोलणारा. ह्यांनी ग्रुपवर लगेच चिनी हेर जाहीर करून टाकला. तपासले! चार दिवसांनी नातू हटून बसला म्हणून त्याला घेऊन तिथं गेले, आणि देशाच्या सुरक्षेसाठी दोन प्लेटी स्वतः खाऊन आले. विहीणबाईंनी हे मला फोनवर सांगितलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की माझं दूध उतू गेलं.

रंगाचं तर विचारूच नका. लेकासाठी मुली पाहत होते तेव्हा एकच अट, मुलगी गोरी हवी. स्वतः व्याही माझ्या लोखंडी तव्याच्या घराण्यातले, लेक बापावर गेलेला, पण सून मात्र दुधात धुतलेली पाहिजे! माझी धाकटी सावळी. पाहायला आले, पोहे संपवले, आणि मोठ्या उदारपणे म्हणाले, “रंगाचं काही नाही, नाकीडोळी नीटस आहे.” मी मनात म्हटलं, वा रे वा, आरशात तोंड कधी पाहिलंत? पण मुलीची आई होते. पुन्हा पोहे वाढले.

आता एवढं सगळं लिहिलं म्हणजे माणूस वाईट आहे असं समजाल, तर तेही तपासल्याशिवाय मानू नका. आमचे हे आजारी पडले तेव्हा धुळ्याहून पहिला आला तो हाच माणूस. महिनाभर माझ्याकडे राहिला. दवाखान्यात डबा नेला, ह्यांची दाढी केली, ह्यांना धरून चालवलं, आणि शेवटच्या दिवशी, हे गेल्याचं मला सांगायला कोणाची जीभ उचलेना तेव्हा माझ्याजवळ बसून त्यांनीच सांगितलं. मेसेज पाठवतात तेही अशाच जिव्हाळ्यानं. “अक्का, शंभरांतला एक जरी खरा निघाला आणि एखाद्याचा जीव वाचला, तर काय वाईट?” असं विचारायचे.  उरलेल्या नव्व्याण्णवांनी कोणाचा जीव जाऊ शकतो, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

ते आलं सायमनमुळे. आमचे हे गेल्यावर वरची खोली रिकामी होती, ती मी त्याला भाड्यानं दिली. हा टांझानियाचा पोरगा, इथल्या कॉलेजात औषधशास्त्र शिकायला आलेला. उंच इतका की माझ्या दारातून वाकून येतो, आणि काळा म्हणजे खरोखर सुंदर काळा, भादवातल्या ढगासारखा. मला आजी म्हणतो. शेजारची शबाना, घरी शिवणकाम करते ती, आणि तिची तीन वर्षांची आलिया, ह्या दोघींनी आणि मी मिळून त्याला मराठी शिकवलं, म्हणजे त्याचं मराठी अर्धं म्हातारीचं आणि अर्धं बोबड्या पोरीचं. आलिया तर त्याच्या खांद्यावरच राहायला गेलेली. तिला खालून दिसणारं जग पसंतच नाही.

हिवाळ्यात व्याही भरीत खायला आले तेव्हा त्याला भेटले होते. एका पंगतीला बसले, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा घातला, त्याला ‘राम राम’ म्हणायला शिकवलं. मग व्याह्यांची तपासणी सुरू झाली. “तुमच्याकडे सिंह अंगणात येतो म्हणे?” सायमन म्हणाला, “अंकल, मी शहरातला. एवढे सिंह मी पहिल्यांदा तुमच्या मोबाईलवर पाहिले.” व्याही खो खो हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याचा नंबर घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यालाही रोज सकाळी फुलं, सुविचार आणि भूकंप जायला लागले.

उन्हाळा लागला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी आमच्याकडे बिबड्यांची धांदल असते. ज्वारीचं पीठ शिजवून त्याचे ओले ओले पापड साडीवर थापायचे आणि साडी खाटेवर पसरून उन्हात ठेवायची. एका सकाळी मी असे बिबडे घालून बसले होते. आलियाबाई दुडुदुडु आल्या आणि सरळ बिबड्यांवर पाय ठेवायला निघाल्या. मी ओरडले. तिनं भोकाड पसरलं. सायमननं तिला उचललं, खांद्यावर टाकलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्कीट द्यायला घेऊन गेला. एवढीच गोष्ट. पण तो अंगणातून निघतानाच रस्त्यानं जाणाऱ्या कोणाला तरी रडणारं पोर आणि काळा माणूस एकत्र दिसला, आणि त्यानं फोटो काढला.

दोन-तीन दिवसांनी सायमन सकाळी हसत हसत खाली आला. प्रात्यक्षिक परीक्षेला निघालेला, पांढरा कोट हातावर. “आजी, बघ, धुळ्याच्या अंकलनं माझा फोटो पाठवला! काय लिहिलं?” त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. पोरगा आनंदात होता, अंकलला आपली आठवण आली म्हणून. मी चष्मा लावला. फोटोच्या खाली लिहिलं होतं, जळगावात पिंप्राळा भागात परदेशी काळ्यांची टोळी फिरते आहे, मुलं पळवतात, दिसताच धरा. आणि सगळ्यात खाली, ‘तपासले.’

असल्याच एका मेसेजवरून आपल्या ह्याच खानदेशात निरपराध माणसांचं काय होऊन बसलेलं आहे ते मी इथं लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.  सायमनला मी खरं ते सांगितलं, आज जाऊ नकोस म्हटलं. तो म्हणाला, “आजी, आज परीक्षा आहे,” आणि गेला.

मी धुळ्याला फोन लावला. “नाना, हा फोटो कोणाचा?”

“टोळीचा मुख्य आहे, अक्का! तुमच्याच भागात आहे. दार लावून ठेवा.”

“अहो, हा आपला सायमन आहे.”

“छे छे! सायमन गुणी पोरगा. हा वेगळा. ह्या लोकांची तोंडं सारखीच असतात, म्हणून तुम्हाला तसं वाटतंय.”

“नाना, मागं माझं घर दिसतंय. फाटक बघा. खाट बघा.”

“खाटा काय, सगळ्या जगात असतात.”

तेवढ्यात विहीणबाईंनी मोबाईल ओढून घेतलेला दिसला, कारण त्यांचाच आवाज आला. “दाखवा इकडे... अगं बाई! पोपटी अंग नि राणी काठ! ही तर मी सुनेच्या डोहाळजेवणाला विहीणबाईंना दिलेली साडी!” आणि मग जरा खालच्या पट्टीत, “तिच्यावर बिबडे घातलेत का हो?”

अहो, साडीच तशी होती. नेसली असती तर शेजारची गाय बुजली असती. पण हे मी त्यावेळी बोलले नाही. फोनमध्ये धुळ्याची दोन माणसं एकदम गप्प झाली होती, एक साडी ओळखून आणि एक फोटो ओळखून. मग व्याह्यांचा बारीक आवाज आला, “पुसून टाकतो, अक्का.”

“तुमच्या मोबाईलातून पुसाल. लोकांच्या?”

त्यांनी फोन ठेवला.

दुपारी ऊन कलत होतं तेव्हा शबाना धावत आली, आलिया कडेवर. “मावशी, चलो जल्दी. नाक्यावर सायमनला धरलंय.” मी पायात चपला घालायचं विसरले, पण का कोण जाणे, जाता जाता खाटेवरची साडी मात्र ओढली. त्याच साडीवर त्या दिवशी घातलेले अर्धेओले बिबडे मातीत गेले. नाक्यावर पानटपरीपाशी दहा-बारा जण. मधे सायमन, सगळ्यांपेक्षा हातभर उंच आणि तरी किती लहान दिसत होता! एकानं त्याची कॉलर धरलेली. ओठातून रक्त. पांढरा कोट रस्त्यावर पडलेला.

“अरे, ये मेरी बेटी है!” शबाना ओरडली. “ये देखो, मेरे पास है! कोणी नाही पळवली!”

तर त्यातला एक शहाणा तिला समजावून सांगायला लागला, “भाभी, तुम्हाला माहीत नाही. हे लोक आधी ओळख वाढवतात.”

पोरगी आईच्या कडेवर बसून अंगठा चोखत होती, आणि हे तिच्या पळवण्याची चौकशी करत होते! मी म्हटलं, “बाबांनो, हा माझ्या घरात राहतो.” तर दुसरा म्हणाला, “ओ आज्जी, बाजूला व्हा तुम्ही. मेसेज आलाय. खाली तपासले लिहिलंय, हे वाचा. कोणा साहेबानं उगाच लिहिलं का?”

“तो साहेब माझा व्याही आहे!” मी ओरडले. “त्यानं माझं लग्न माझ्याच जावयाशी लावायला काढलं होतं!” कोणाला काही कळलं नाही. तेवढ्यात मी साडी उघडली. पिठाचे ओलसर गोळे तिला चिकटलेले. “आता फोटो बघा. खाटेवर काय दिसतं? आणि हे काय आहे? एवढं भडक लुगडं अख्ख्या जळगावात दुसरं सापडलं तर मला दाखवा! माझ्याच अंगणात काढलाय हा फोटो, बिबड्यांवर पाय देत होती म्हणून पोर रडत होती. आई इथं, पोर इथं, अंगण तिथं. आता सांगा, पळवलं कोणी आणि कोणाला?”

एकेकानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. साडीकडे पाहिलं. पुन्हा मोबाईलकडे पाहिलं. सकाळपासून तो फोटो शेकडो हातांतून गेला असेल, पण मला वाटतं, बघितला तो पहिल्यांदा तिथं, त्या नाक्यावर. मग माणसं हळूहळू आपापल्या कामाची झाली. ज्यानं कॉलर धरली होती त्यानं ती दोन्ही हातांनी सरळ केली. म्हणाला, “गैरसमज झाला भाऊ. पण काय, जमाना खराब आहे.” सायमनच्या शर्टाचं बटण अजून त्याच्या मुठीत होतं, आणि खराब जमाना होता!

व्याही संध्याकाळच्या आत आले. फोन ठेवला तसे बसस्टँडवर गेले असणार, पण बस मिळता मिळता दुपार झाली. सदऱ्याची गुंडी एक खाली एक वर, हातात पिशवी नाही, कधी नव्हे ते धुळ्याची शेव नाही. सायमन जिन्याच्या पायरीवर बसला होता, ओठ सुजलेला. उठून उभा राहिला आणि शिकवलं होतं तसं दोन्ही हात जोडून म्हणाला, “राम राम, अंकल.”

व्याह्यांनी हात जोडले.

“अंकल,” सायमन म्हणाला, आणि त्यात राग नव्हता हो, त्याला खरंच विचारायचं होतं, “आपण एकत्र जेवलो. फोटोत तुम्ही मला ओळखलं नाही?”

“तोंड अर्धंच दिसत होतं ना...” व्याही म्हणाले आणि थांबले. त्यांनी टोपी काढली, पायरीवर त्याच्या शेजारी बसले. खरं बोलायची वेळ आली की हे अहिराणीवर येतात. “तोंड दखंच नही रे भाऊ मी. रंग दखा, आनि धाडी दिधं.”

तोंड पाहिलंच नव्हतं, नुसता रंग पाहून पाठवून दिलं, हे सायमनला किती कळलं देव जाणे. पण तो त्यांच्या शेजारी पुन्हा बसला. मी दोघांना चहा दिला. मनात चांगलं सुनवायचं ठरवून ठेवलं होतं, पण व्याह्यांच्या सदऱ्याच्या वरखाली लागलेल्या गुंड्या पाहून ते राहून गेलं.

चहा झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटानं लिहायला बसले. प्रत्येक ग्रुपला, प्रत्येक माणसाला वेगळं. ‘तो फोटो खोटा होता. मुलगा माझ्या ओळखीचा आहे. मी तपासले नव्हते.’ आणि खाली पहिल्यांदा स्वतःचं पूर्ण नाव. बोदवडच्या एका मित्राचं उत्तर आलं, “नाना, तुमचा मोबाईल कोणी चोरला का?” दुसऱ्यानं गुलाबाचं फूल पाठवलं. निवृत्तांच्या ग्रुपनं त्यांना काढूनच टाकलं, वातावरण खराब करता म्हणून. आणि महिनाभरानं फैजपूरच्या भाच्यानं तोच फोटो त्यांनाच पाठवला, मामा, सांभाळून राहा, असं म्हणत. ह्यांनी त्याला फोन करून इतकं झापलं की भाच्याच्या बायकोनं मला फोन करून विचारलं, मामांची तब्येत बरी आहे ना? आता काही आलं की आधी मला विचारतात, “अक्का, हे खरं असेल का?” मी म्हणते, “मला काय ठाऊक?” तर म्हणतात, “मग राहू द्या.” एवढं तीन शब्दांचं शहाणपण यायला त्यांना जन्म गेला. पण आलं. किती जणांना तेवढंही येत नाही.

परवा पुन्हा आले होते. आम्ही ओट्यावर बसलो होतो. सायमन कॉलेजातून आला, आणि आलिया नेहमीसारखी दोन्ही हात वर करून त्याच्यापुढे धावली. उचल म्हणून. सायमन वाकला, तिच्याशी हसला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि मग दोन्ही हात खिशात घातले. हे त्या दिवसापासून असंच चाललंय. तिनं पाय आपटले, “उचल ना!” तो म्हणाला, “नको, पडशील.”

“उचल रे तिला,” व्याही म्हणाले. “मी सगळ्यांना सांगितलंय. एकूण एकाला.”

सायमननं मान हलवली. “हो अंकल. पण ज्याला नाही पोचलं, तो रस्त्यात भेटला तर मी कसा ओळखू?”

  व्याही गुडघ्यांवर हात देऊन उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, “चला, बिस्कीट आणू.” आलियानं सायमनचं एक बोट धरलं. व्याही तिच्या दुसऱ्या बाजूनं, रस्त्याच्या कडेनं चालू लागले, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मुद्दाम मोठ्यानं राम राम घालत, सगळ्यांनी आपल्याला सायमनबरोबर पाहावं म्हणून. मी ओट्यावरून पाहत होते. बऱ्याच वेळानं तिघं परत आले. पोरीच्या दोन्ही हातांत बिस्किटं होती, तोंड भरलेलं होतं, आणि ती अजून पायीच चालत होती.